तांबड्या रेघेच्या खाली

ता. १४, गुरुवार

चि. छबू,

बाबांचे तुला आणि जावईबापूंना भरभरून आशीर्वाद. मदतीचं धान्य आणणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर पुलापलीकडे निघालाय. पंधरा मिनिटं थांबतो म्हणाला, तेवढ्यात लिहितो आहे. अक्षर सांभाळून घे.

तुझ्या टाक्यांतला पू थांबला आणि तू उठून बसायला लागलीस, हे ड्रायव्हरच्या तोंडून कळलं. बरं वाटलं. दोन दिवसांत परत येतो म्हणून तुम्ही दोघं ॲम्ब्युलन्समधून गेलात आणि तिसऱ्या दिवशी पुलावर चौकी बसली. तेव्हा पाहुणी बारा दिवसांची होती, आता सात आठवड्यांची आहे. नाव तू आल्यावर ठेवायचं म्हणून मी आपली पाहुणीच म्हणतो. तिलाही ते मान्य दिसतं. पाहुण्यासारखीच वागते. सगळं हातात लागतं आणि वर तक्रार.

तुझा बाप आता लंगोट बांधण्यात पटाईत झालाय. पहिले आठ दिवस बांधलेला लंगोट उचलला की तसाच खाली राहायचा आणि पोरगी वर. आता पक्का बसतो. ढेकर काढायला मात्र तिला माझा डावाच खांदा लागतो. माझे सगळे शर्ट डाव्या बाजूने खराब झालेत. गॅस संपला, म्हणून तराजूंची जुनी खोकी फोडून पाणी उकळतो. समोरच्या मास्तरीणबाई फ्रिज वापरू देत होत्या, पण वीज जेमतेम दोन तास असते, त्यामुळे त्याचं आता कपाटच झालंय. तू जाताना काढून ठेवलेल्या दोन बाटल्या मात्र मी वेळेत पाजल्या. थेंब वाया गेला नाही.

किल्लीवाल्याच्या सुनेने चार दिवस अंगावर पाजलं, तिचे उपकार आहेत. मग तिचं स्वतःचंच खाणं धड होईना, दूध आटलं आणि ते लोक गाव सोडून गेले. दूधवाल्याने जनावरं आधीच पलीकडे नेली होती. मग दूधपावडरीच्या डब्यांवर भागवलं.

सोमवारी पाहुणीचं अंग जरा तापलं होतं. आरोग्य केंद्रात दाखवलं. त्यांनी ठेवून घेतलंय, काळजीचं कारण नाही. इथे तिच्या शेजारीच बसून लिहितोय. झोपली आहे. केंद्रातून एक नवीन डबा मिळालाय, तो घरी जपून ठेवलाय. तेव्हा त्याचीही चिंता नको.

वजन विचारलं होतंस. ठीक आहे. आकडा पुढच्या पत्रात लिहितो.

ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. गोळ्या वेळेवर घे.

तुझा,
बाबा

*

ता. ३, मंगळवार

चि. छबू,

आशीर्वाद. तुझं पत्र रविवारी पोचलं. शुक्रवारी पूल उघडणार हे इथेही सगळ्यांना कळलंय. लोक आतापासून पिशव्या भरून बसलेत. पाहुणी माझ्यासमोर दुपट्यावर पडली आहे. छताकडे बघून काहीतरी सांगत असते. काल चार किलो शंभर भरली.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. "बाबा, तुमच्यामुळे ती जगली" असं तू लिहिलं आहेस. पुढच्या महिन्यात कारखान्यात रुजू व्हावं लागेल, तेव्हा तिला दिवसभर तुमच्याकडेच ठेवीन, इतका विश्वास मला दुसऱ्या कुणाचा नाही, असंही लिहिलं आहेस. हे वाचून दोन दिवस मी कागद हातात घेतला नाही. आता लिहितो. पूल उघडायच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं.

मागच्या पत्रात मी वजनाचा आकडा लिहिला नव्हता. चाळीस वर्षं तराजू दुरुस्त करणारा तुझा बाप वजनाला नुसतं "ठीक आहे" म्हणतो, तिथेच तुला शंका यायला हवी होती. आजारी होतीस, नाही आली.

जावईबापूंनी चार डबे आणून ठेवले होते. एक डबा सहा-साडेसहा दिवस जातो. ता. ४ च्या सोमवारी शेवटचा डबा अर्ध्यावर आला. दुकानं केव्हाच रिकामी झाली होती. डबे फक्त आरोग्य केंद्रात मिळत, तेही सरसकट नाही. भिंतीवर एक तक्ता लावलेला. खाली वय, बाजूला वजन, आणि मधून वर चढत जाणारी एक तांबडी रेघ. ज्या बाळाचं वजन रेघेच्या खाली, त्यालाच डबा. दर सोमवारी वजन.

नियम वाईट नव्हता. डबे वीस आणि बाळं साठ, तर दुसरं काय करणार?

त्या केंद्राचा बाळांचा वजनकाटा अडकत होता. आदल्या आठवड्यात सिस्टरनी मला बोलावून तो दुरुस्त करून घेतला होता. मी स्प्रिंग बदलली, माझी वजनं नेऊन चार-चारदा तपासलं. दहा ग्रॅमचाही फरक ठेवला नाही. जाताना सिस्टर म्हणाल्या, "काका, आता हा काटा देवाशीसुद्धा खोटं बोलणार नाही." मी खूश होऊन घरी आलो.

सोमवारी त्याच काट्यात पाहुणीला ठेवलं. टोपलीचा धडा मीच केला, रिकाम्या टोपलीला काटा शून्यावर आणला. तीन किलो सहाशे वीस. सहा आठवड्यांच्या मुलीची रेघ होती साडेतीनवर. एकशेवीस ग्रॅम जास्त.

सिस्टर वहीत लिहायच्या थांबल्या. रांगेकडे बघून हळूच म्हणाल्या, "काका, काटा तुम्हीच बांधलाय. मी जरा खिडकी लावून येते."

एवढं स्पष्ट कुणी बोलतं का? खालचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा होता. मला डोळे मिटूनही जमलं असतं. पण मी हात मागे बांधून उभा राहिलो. त्या खिडकी लावून आल्या तेव्हा म्हणालो, "सिस्टर, तीन सहाशे वीस लिहा. मी आयुष्यात कुणाचा काटा खोटा केलेला नाही."

हे बोलताना मला केवढा अभिमान वाटला होता म्हणून सांगू! मागे रांगेतल्या दोघीतिघींनी ऐकलंसुद्धा. सिस्टर म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी या. रेघ शंभरने वर सरकेल." आणि त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात हिशोब झाला होता. पुढच्या सोमवारी रेघ तीन सहाशेवर येणार. पाहुणी आहे तेवढीच राहिली, नव्हे, जराशी उतरली, तर रेघेच्या खाली जाईल. घरातला अर्धा डबा तीन दिवसांचा. तो सात दिवस पुरवला, तर डबाही टिकतो आणि वजनही उतरतं. काट्याला हात न लावता दोन्ही कामं होतात.

छबू, हे मला सुचलं. दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

डब्यावर लिहिलेलं असतं, तीस मिली पाण्याला एक सपाट चमचा. मी साठला एक घालायला लागलो. गुरुवारपासून पंच्याहत्तरला एक. मधे रडली तर साखरपाणी. दूध निळसर दिसायचं, ग्लासातून पलीकडची भिंत दिसेल असं. पहिले दोन दिवस ती बाटली संपवून रडायची. मग माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मला वाटलं, सवय झाली. शनिवारी-रविवारी रडणंच थांबलं, नुसती झोपून असायची. मास्तरीणबाई डोकावून म्हणाल्या, "किती शहाणी झाली हो तुमची नात!" मीही हसलो.

रोज सकाळी माझ्या दुकानच्या काट्यावर तिचं वजन करत होतो. तीन सहाशे. तीन पाचशे ऐंशी. तीन पाचशे पंचावन्न. आकडा खाली आला की मला बरं वाटायचं. हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबलो होतो, पण खोडत नाही.

ता. ११ च्या सोमवारी ती तीन पाचशे चाळीस भरली. रेघेच्या साठ ग्रॅम खाली. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. काय झालं असेल ते त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्यांनी कपाटातून डबा काढून दिला आणि कपाटाचं दार उघडंच ठेवलं. आत काही उरलं नव्हतं.

माझ्या मागे इस्त्रीवाली उभी होती. आपल्या मागच्या गल्लीत कोपऱ्यावर टेबल लावते ती, तू तुझ्या कामाच्या साड्या तिच्याकडेच द्यायचीस. तिचा मुलगा दोन महिन्यांचा. तीन किलो शंभरही भरला नाही. सिस्टर तिला म्हणाल्या, "बुधवारी डब्यांची गाडी येईल गं, बुधवारी ये." तिने माझ्या हातातल्या डब्याकडे बघून मुलाला पदरात गुंडाळलं आणि निघाली. मी तिच्याआधी दारातून बाहेर पडलो.

घरी आल्यावर पाणी उकळत ठेवलं. आता पोटभर पाजायचं, सगळी भरपाई करायची, असं मनात होतं. डबा टेबलावर ठेवला, अजून फोडलाही नव्हता. तेवढ्यात पाहुणीचा डावा हात उडायला लागला. मग पाय. डोळे एका बाजूला फिरले आणि तोंडातून फेस आला. मी तिला तशीच उचलली आणि अनवाणी धावलो.

केंद्रात डॉक्टर होते. त्यांनी झटका थांबवायचं औषध दिलं आणि विचारलं, "आजोबा, दूध कसं बनवता? पाणी किती घालता?"

मी म्हणालो, "डब्यावर लिहिलंय तेवढंच."

त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की?"

मी म्हणालो, "डॉक्टर, माझा धंदाच मापाचा आहे."

त्यांनी विश्वास ठेवला. मेंदूत ताप गेला असेल म्हणून त्या दिशेने उपचार सुरू केले. रक्त तपासायचं यंत्र विजेशिवाय चालत नव्हतं. तीन तास गेले. त्या तीन तासांत तिला आणखी दोन झटके आले, दुसरा पहिल्यापेक्षा मोठा. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो आणि तरी माझं तोंड उघडत नव्हतं. तिसऱ्या झटक्याला ती निळी पडली, तेव्हा मी सिस्टरचा हात धरला आणि सांगितलं, "साठला एक, मग पंच्याहत्तरला. सात दिवस."

डॉक्टर माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सलाईनची बाटली बदलली आणि काम करता करता सांगितलं, "नुसतं पाणी पोटात गेलं की रक्तातलं मीठ उतरतं. मेंदूला सूज येते. हे आल्या आल्या सांगितलं असतंत तर..."

तेव्हा ताप वगैरे काही नव्हता, छबू. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

ती वाचली. अकरा दिवस तिथे होती. आता दूध नीट पिते, हसते, माझा आवाज ओळखते. पण तिची उजवी मूठ उघडते आणि डावी उघडत नाही. डावा पायही जरा ताठ आहे. डॉक्टर म्हणतात, सुधारेलही, सहा महिन्यांनी नीट कळेल. रोज चार वेळा हात चोळून बोटं उघडायची, ते मी करतो. तिकडच्या डॉक्टरांसाठी त्यांनी एक कागद दिलाय. त्यावर कारण लिहिलेलं आहे. तू तो वाचशीलच. त्याआधी माझ्याकडून कळावं असं वाटलं.

इथे पत्र संपवावं असं मी सकाळी ठरवलं होतं. पाकीटही चिकटवलं होतं. दुपारी फोडलं.

पाहुणी केंद्रात होती तेव्हा तिचं दूध केंद्रातूनच येत होतं. वॉर्डातल्या बाळांसाठी त्यांनी थोडं वेगळं ठेवलेलं असतं. म्हणजे माझा डबा घरी टेबलावर पडून होता. न फोडलेला. सोमवारपासून.

बुधवारची गाडी आली नाही. गुरुवारी दुपारी मी वॉर्डाच्या दाराजवळ पाहुणीशेजारी बसून तुला पत्र लिहीत होतो, तेव्हा इस्त्रीवाली गाडी आली का विचारायला आली होती. मुलगा खांद्यावर. मान टाकलेली. सिस्टरनी सांगितलं, अजून नाही. ती माझ्यासमोरून गेली. त्याच वेळी मी तुला लिहिलं, "एक नवीन डबा मिळालाय, तो घरी जपून ठेवलाय." मला डबा आठवला नव्हता असं नाही. आठवला होता. घर तिथून दहा मिनिटांवर. मनात आलं, पाहुणी उद्या-परवा घरी आली तर तिला काय पाजू? आणि मी पत्र पुरं केलं.

तिचा मुलगा शनिवारी गेला.

डबा मिळाला असता तर तो वाचला असता का? सिस्टर म्हणतात, सांगता येत नाही, फार उशीर झाला होता. त्या माझं मन राखायला म्हणत असतील. मी विचारतो आणि त्या उत्तर देतात, एवढंच.

काल मी इस्त्रीवालीकडे गेलो. टेबल लावलेलं होतं, ती शर्ट करत होती. मी सगळं सांगितलं. वजन कसं उतरवलं ते, डबा कसा पडून होता तेही. ती ऐकताना थांबली नाही. कॉलर झाली, मग बाह्या झाल्या.

मग म्हणाली, "काका, मला कशाला सांगितलंत?"

मी म्हणालो, "तुला कळायला हवं म्हणून."

"मला काय करायचंय कळून? मी आपली समजून होते, गाडी आली नाही म्हणून गेला. गाडीवर कुणाला राग धरता येत नाही. आता रोज तुमच्या दारावरून पाणी आणायला जायचं मी, आणि हे डोक्यात घेऊन जायचं." तिने शर्टाची घडी घातली. "तुम्हाला हलकं वाटलं का?"

मी म्हणालो, "नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि दुसरा शर्ट घेतला. मी उभाच होतो. थोड्या वेळाने तिने मान वर न करता विचारलं, "तुमची आता कशी आहे?"

मी सांगितलं, डावा हात उघडत नाही.

इस्त्री तशीच कापडावर राहिली आणि करपल्याचा वास आला, तेव्हा तिने ती उचलली. कुणा गिऱ्हाइकाचा शर्ट होता, पाठीवर डाग पडला. म्हणाली, "जा आता. माझं काम बिघडतंय."

तिच्या बोलण्यावर मी विचार केला. तुलाही मी हलकं व्हायला सांगतोय का? तसं असेल तर हे पत्र फाडून टाकायला हवं. पण तू तुझी मुलगी माझ्यावर सोपवायला निघाली आहेस. तिला कुणाच्या हातात देते आहेस हे तुला माहीत असलं पाहिजे. तुझी आई असती, तर तिने पहिल्याच दिवशी पाहुणीला घेऊन पन्नास दारं ठोठावली असती, काट्याचा स्क्रू दातांनी फिरवला असता, आणि माझ्या चोखपणाला दोन शिव्या दिल्या असत्या. ती गेल्यापासून मला शिव्या देणारं कुणी उरलं नाही, हेही खरं.

मी काटा खोटा केला असता, तर काय झालं असतं? वहीत एक आकडा चुकला असता आणि डबा तेव्हाही कुणाच्या तरी वाट्याचाच गेला असता. म्हणजे त्यातही मी सुटलो नसतोच. पण पाहुणीचा हात धड राहिला असता. हे मी रोज घोकतो.

आता शुक्रवारचं. पूल सकाळी दहाला उघडतील. सिस्टर पाहुणीला घेऊन पुलापर्यंत यायला तयार झाल्या आहेत, मीच त्यांना विनंती केली. डॉक्टरांचा कागद, तिची दुपटी, दोन बाटल्या सगळं त्यांच्याजवळ असेल. गर्दी फार असणार, जावईबापूंना पुढे पाठव, तू टाके सांभाळून मागे थांब. मी सिस्टरच्या मागे येईन, पण लांब उभा राहीन. तू बोलावलंस तर पुढे येईन. नाही बोलावलंस तर तुला तिला घेताना बघून परत फिरेन. घराची किल्ली सिस्टरजवळ आहे. तुला घरात मी नको असेन, तर दुकानात माझी खाट लागते.

सुरुवातीला ती तुझ्याकडे येऊन रडेल. तुझा वास तिला आता नवा आहे. मनाला लावून घेऊ नकोस, तासाभरात रुळेल. नाव लवकर ठेव.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. जे बोलायचं ते समोर बोल, माणसांसमोर बोललीस तरी चालेल. मी मधे बोलणार नाही.

तुझा बाप,
आणि तिला सात दिवस उपाशी ठेवणारा तिचा आजोबा